न विरणारं कापड

जुना शर्ट शिजवला, तर कडक प्लास्टिक मऊ करणारं तेल निघेल का? आबांनी हे कोडं घातलं तेव्हा मला रागच आला. गावाबाहेर टाकून दिलेल्या कपड्यांचा डोंगर सरकारी अधिकारी सोमवारी पुन्हा पेटवणार होते आणि यांना कोडी सुचत होती! मागच्या वेळच्या धुरानं माझा धाकटा भाऊ मल्हार चार दिवस ऑक्सिजनवर होता.

आबा म्हणजे माझे आजोबा, रसायनशास्त्रज्ञ. तरुणपणी त्यांनी कधीच न विरणारं पॉलिएस्टर कापड तयार केलं. त्याबद्दल गावानं त्यांचा सत्कारही केला होता.

"हा डोंगर तुमच्याच कापडाचा ना?" मी विचारलं.

"माझ्याच. विरत नाही म्हणून मिरवलो. टाकून दिल्यावर त्याचं काय होईल, हे डोक्यातच आलं नाही बघ."

पॉलिएस्टर हे बहुवारिक (लहान रेणूंची लांबच लांब साखळी) असतं. त्यात आम्ल आणि अल्कोहोल यांच्या कड्या आळीपाळीनं जोडलेल्या असतात. आबांनी चिंध्या एका जड (मोठ्या रेणूंच्या) अल्कोहोलात टाकल्या, उत्प्रेरक (स्वतः न संपता क्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ) घातला आणि भांडं भट्टीवर तापवलं. नवं अल्कोहोल जुन्याची जागा घेत गेलं, तसे साखळीचे तुकडे पडले. पाच तासांनी चिंध्या दिसेनाशा झाल्या. गाळून, शुद्ध करून तेलकट द्रव हाती आला. तोच प्लास्टिसायझर (प्लास्टिक मऊ करणारा पदार्थ).

"पण यानं मऊ कसं होतं?"

"पीव्हीसी प्लास्टिकच्या साखळ्या एकमेकींना घट्ट धरून बसतात, म्हणून ते कडक. हे रेणू मध्ये शिरले की पकड सैल होते."

पीव्हीसीत तो द्रव मिसळून आबांनी नळी बनवली. मी ती बोटाभोवती गुंडाळली. मोडली नाही! शनिवारी अधिकाऱ्यांनी नळी वाकवून पाहिली, या कचऱ्यातून कामाची वस्तू होते हे त्यांना पटलं आणि त्यांनी डोंगर पेटवायचं रद्द केलं. त्या रात्री आई मल्हारला कुशीत घेऊन रडली.

"संपेल कधी डोंगर?" मी विचारलं.

"रोज एक ट्रक शिजवला तर सदतीस वर्षं. मी काही तेवढा जगत नाही. भट्टी चालवायला शीक."

"मला मोठी झाल्यावर ताऱ्यांचा अभ्यास करायचा होता, आबा. तुम्ही घाण करून ठेवायची आणि आम्ही निस्तरायची?"

आबांनी मान खाली घालून हातमोजे पुढे केले. मला ते फारच मोठे होते.

सदतीस वर्षांनी मी एकोणपन्नास वर्षांची असेन. त्या जागेवर गवत उगवलेलं मला बघायचंच आहे. मी हातमोजे घातले आणि विचारलं, "आधी काय टाकायचं?"