यमकात न बसलेला ‘येतो’

शाली घ्यायला मी नागपूरला, गांधीबागेच्या कापडबाजारात गेले होते, तिथपासून सांगते. माझ्या भावाच्या, हर्षितच्या, श्रद्धांजलीचा कार्यक्रम आमच्या गावात, खाप्यात होता आणि पाहुण्यांच्या सत्काराच्या शाली मलाच आणायला लावल्या. सीमेवर मेला आमचा भाऊ, आणि शाल पांघरायची कवी उन्मेषरावांनी. अजून आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

उन्मेषराव नागपूरचे. जिल्ह्यात कुठेही जवानाची श्रद्धांजली असली की त्यांची कविता ठरलेली. नाव तेवढं बदलायचं. कार्यक्रमाआधी ते घरी चहाला आले आणि आईला कविता ऐकवली. त्यात ओळ होती, ‘आई, जातो मी...’

“जातो नका म्हणू जी,” आई हळूच म्हणाली. “माहा पोरगा दारातून निघताना जातो नाही म्हणला. येतो वं आई, म्हणला.”

घरातून निघताना आपल्यात कोणी ‘जातो’ म्हणतं का? एवढंही या कवीला कळू नये?

“काकू, यमक जुळत नाही,” ते म्हणाले आणि बिस्कीट चहात बुडवलं.

आईजवळ हर्षितचं दुसरं काही उरलं नव्हतं. शवपेटी आली तीही बंद. उघडू नका, पाहवणार नाही, असं सांगितलं होतं. तो एक शब्द तेवढा तिचा होता, आणि तोही या माणसाला बदलायचा होता.

दिवेलागणीला शाळेच्या पटांगणात कार्यक्रम सुरू झाला. कन्हान नदीकडून ओला, कुजट वास येत होता. उन्मेषरावांनी डोळे मिटले, आवाज कापरा केला. “आई...”

भोंग्यातून आलं, “येतो...”

आवाज हर्षितचा होता. घशात काही अडकल्यासारखा, पण त्याचाच. उन्मेषरावांनी ओळ पुन्हा म्हटली. मी समोरच बसले होते. त्यांचे ओठ ‘जातो’ म्हणत होते आणि भोंगा ‘येतो’ म्हणत होता. त्यांनी माईक बंद केला, तरी भोंग्यातून कोणाचा तरी श्वास ऐकू येत राहिला. ते शाल न घेताच पळाले. खरं सांगते, मला फार बरं वाटलं.

तेव्हापासून आई दाराला कडी लावू देत नाही. त्या कार्यक्रमाचा व्हिडिओ माझ्या मोबाईलवर रोज देवापाशी दिवा लावून ऐकते.

काल व्हिडिओत उन्मेषरावांचे ओठ तसेच हलले. मोबाईलमधून शब्द आला, “आलो...”

अंगणातून तोच कुजट वास आला. मी धावत जाऊन कडी लावली आणि दाराला पाठ टेकून उभी राहिले.

“काहून अडवून राहिली वं त्याले?” आई म्हणाली.

“आई... पेटी उघडू दिली नव्हती. आठवते ना तुले?”

तिने माझे दोन्ही हात धरले आणि मला दारापासून ओढायला लागली. इतकी चिडलेली आई मी कधी पाहिली नव्हती.

“तूही त्या कवीसारखीच,” ती म्हणाली. “तुलेही तो गेलेलाच पाहिजे.”

मी पाठ दाराला आणखी घट्ट टेकवली. माझे दोन्ही हात आईच्या हातांत होते, घरात तिसरं कोणी नव्हतं, आणि माझ्या पाठीमागे आतली कडी हळूच सरकली.