मृदुकाच

काच : सौम्य

केतकीने थालीपीठ ताटात वाढलं आणि लेकाच्या, ओजसच्या, चेहऱ्याकडे सरळ पाहिलं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच. त्यानेही मान खाली घातली नाही.

"काय गं?"

"काही नाही. लोणी घे."

तो हसला. एवढ्याशा हसण्यासाठी तिने नाशिकभरचे डॉक्टर, काढे, लेप पालथे घातले होते. शेवटी शाळेच्या समुपदेशक बाईंनी उपाय दिला तो त्याला नाही, तिला. एक चष्मा, मृदुकाच नावाचा.

"या वयात तारुण्यपिटिका येणारच," बाई म्हणाल्या होत्या. "त्याला जरा जास्तच आल्यात. उपचार थांबवू नका. पण तो आरशाला घाबरत नाही हो, तुमच्या डोळ्यांना घाबरतो. बोलता बोलता तुमची नजर त्याच्या गालावर अडखळते. तो तेवढंच बघत बसतो."

मृदुकाचेच्या दांडीत तांदळाच्या दाण्याएवढा कॅमेरा होता. ओजस समोर आला की काच त्याच्या चेहऱ्यावर त्याचीच निरोगी त्वचा चढवायची, जमीन सारवावी तशी. डोळे त्याचे, हसू त्याचं, फक्त फोड नाहीत. नजर अडखळायला जागाच नाही.

"सवय झाली की पातळी उतरवत न्यायची," बाईंनी बजावलं होतं. "चष्मा सुटायला हवा शेवटी."

पातळी बदलायला दांडीवर एक बारीक चाक होतं.

काच : मध्यम

ते तिने वर फिरवलं.

कारण ओजस बोलू लागला होता. वर्गात त्याला 'डाळिंब' म्हणतात, हे त्याने सांगितलं, आणि "सोललेलं" अशी भर घालून स्वतःच हसला.

कारण भाचीच्या साखरपुड्यात नणंदेने सगळ्यांदेखत विचारलं होतं, "वहिनी, पोराला कुठे दाखवलंस की नाही? बघवत नाही गं!" आणि केतकीला लाज वाटली होती. नणंदेची नाही.

(पुढचं वाक्य तिने मनातसुद्धा कधी पूर्ण केलं नव्हतं.)

काच : पूर्ण

"आई, हनुवटीखालचा दुखतोय."

"बघू. काही नाही रे, बसत आलाय."

"उशीला डाग पडतात."

"आंबे कमी खा."

"त्या त्वचेच्या डॉक्टरांकडे परत जायचं का?"

"कशाला? मला तर चांगला फरक दिसतोय."

त्याने आंब्याची वाटी बाजूला सरकवली. पटलं असेल, असं तिला वाटलं. समोर नितळ गालांचा, देखणा मुलगा बसला होता. त्याच्याकडे बघून दिवसभराचा शीण जायचा.

काच

त्याच्या वाढदिवसाला तिने पाट मांडला, निरांजन लावलं. ओजस टोपी घालून बसला. केतकीने कुंकवात बोट बुडवलं, त्याच्या कपाळावर टेकवलं, दाबून वर ओढलं.

तो किंचाळला.

बोटाखाली गाठी होत्या. कढत. बोट ओलं झालं, आणि त्यावर कुंकवाबरोबर काही पिवळट, चिकट आलं होतं. समोरचं कपाळ मात्र अजूनही स्वच्छ दिसत होतं. बोट एक सांगत होतं, डोळे दुसरंच.

तिने चष्मा काढला.

काच : बंद

निरांजनाच्या उजेडात तिला जांभळट गाठी दिसल्या, एकीत एक मिसळलेल्या. हनुवटीखाली वाळलेल्या पुवाची खपली. नजर अडखळली. ओजसने ते पाहिलं.

त्याच आठवड्यात डॉक्टर म्हणाले, "गोळ्यांनी गाठी बसतील. लवकर आला असतात तर खड्डे राहिले नसते." मग केतकीकडे वळून, अगदी साधेपणाने, "रोज समोर असतो ना? लक्षात नाही आलं?"

तिने मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी झाकली. चष्मा आत होता.

घरी आल्यावर तिने त्याला सगळं सांगितलं. बाईंचं सांगणं, चाक, साखरपुडा. "उतरवायचं होतं," ती म्हणाली. "मी वर फिरवलं. माझ्यासाठी."

ओजसने डोक्यावरची टोपी जरा मागे सारली.

"वर्गात सगळे एक म्हणायचे, आरसापण तेच म्हणायचा. तू एकटीच वेगळं म्हणायचीस. मी तुझं खरं धरलं."

त्याने हात पुढे केला. तिने चष्मा दिला. तो डोळ्यांपुढे धरून ओजस आरशासमोर उभा राहिला. ज्याला त्याने कधीच पाहिलं नव्हतं, त्या मुलाकडे पाहत राहिला.

"बरा दिसतो," तो म्हणाला. "आई, इतके दिवस तू याच्याशी बोलत होतीस?"

तिच्या हातातली, डॉक्टरांनी दिलेली मलमाची ट्यूब नुसतीच दाबली जात होती.

त्याने चष्मा घडी करून टेबलावर ठेवला. टोपी काढली. खिडकीजवळच्या स्टुलावर येऊन बसला आणि हनुवटी उजेडाकडे वर केली. डोळे मात्र मिटले नाहीत. तिची नजर कुठे थांबते, हे त्याला पाहायचं होतं.

"लाव," तो म्हणाला. "पण बघून लावशील ना?"