मालधक्क्यावरचा काटा

बकरी माझा नकाशा तोंडात धरून पळाली आणि मी बकरीच्या मागे.

नकाशा साधासुधा नव्हता. चाळीस वर्षांपूर्वी बंद पडलेल्या रेल्वेमार्गाची ती ट्रेसिंग मी तीन आठवडे बसून काढली होती. रूळ उखडलेले, गवत माजलेलं. कुठे काय होतं ते त्या कागदावरूनच कळायचं. दोन महिन्यांनी आमच्या संग्रहालयात या मार्गाचं प्रदर्शन भरणार होतं, आणि संशोधन माझ्या गळ्यात. धापा टाकत मी मालधक्क्याच्या जुन्या शेडमध्ये शिरले, तर बकरीबाई एका लोखंडी काट्यावर उभ्या आणि एक उंच माणूस त्यांचं वजन करतोय.

"बरं झालं, परत आणलीत. इंजेक्शन बघून पळाली होती."

"तिनं माझा नकाशा खाल्ला!"

"कागद होता की प्लॅस्टिक?"

"कागद."

"मग पचेल."

"मला नाही पचणार!"

तो हसला. गुरांचा डॉक्टर होता तो, शेडमध्येच त्याचा दवाखाना. मी चांगलं सुनवणार होते, पण काट्यावरच्या पट्टीकडे लक्ष गेलं आणि राग कुठल्या कुठे पळाला. पट्टीवर आमच्याच रेल्वेचं नाव! अख्ख्या मार्गावर एवढा एकच काटा उरला होता. मी गुडघे टेकून अक्षरं वाचायला लागले, तर बकरीने माझी वेणी चघळायला घेतली. त्याने ती सोडवली... हळूच, एकेक बट करून. माझी छाती धडधडत होती. धावल्यामुळेच असणार, दुसरं काय?

"हा काटा आम्हाला द्याल?"

"नाही," तो म्हणाला. इतका गोड नकार मी जन्मात ऐकला नव्हता.

मग माझ्या फेऱ्या सुरू झाल्या. एकदा फोटो काढायला. एकदा मापं घ्यायला. एकदा... तीच मापं पुन्हा घ्यायला. दर वेळी मी काटा मागायचे, दर वेळी तोच गोड नकार. औषधांच्या खिडकीशी त्याच्या आत्या बसायच्या. "ही काटा बघायला येते म्हणे," त्या मला ऐकू जाईल अशा बेताने पुटपुटायच्या. "बिचारा काटा लाजून अर्धा होत असेल."

एका दुपारी पाऊस पत्रे बडवत होता आणि पेशंट एकही नव्हता.

"उभ्या राहा," तो काट्याकडे बोट दाखवत म्हणाला. मी राहिले. दांडीवरचं वजन सरकवताना तो इतका जवळ आला की त्याच्या ओल्या स्वेटरचा वास आला. "यातून दोन किलो वजा करा. हा पहिल्यापासून जास्त दाखवतो."

"आणि तुम्ही?"

"मी काय?"

"तुम्ही जास्त दाखवता... की कमी?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. काहीतरी बोलणार — तेवढ्यात एक बाई भिजलेलं मांजर घेऊन आत आली.

घरी ताईने विचारलं, "काटा हवाय की काटेवाला? एकदाचं ठरव."

मला खरंच कळत नव्हतं. एवढंच कळत होतं की पुढच्या दोन फेऱ्यांत मी काटा मागितला नाही. मागितला आणि त्याने दिला, तर पुन्हा कुठल्या तोंडाने यायचं?

प्रदर्शनाला दोन दिवस उरले असताना संग्रहालयाच्या दारात टेम्पो थांबला. आत काटा! सोबत भरलेलं दानपत्र. देणाऱ्याच्या अटी — काही नाही. आमच्या साहेबांना आनंदाने काय करू नि काय नको झालं. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. हवं ते मिळालं होतं आणि मला दारातून परत पाठवल्यासारखं वाटत होतं. वैतागला असेल? की सुटलो म्हणाला असेल?

जायला एकही निमित्त सुचेना. तशीच गेले.

शेडमध्ये काट्याच्या जागी ओल्या सिमेंटचा चौकोन होता. तो टेबलापाशी, दोन्ही हातांनी एक दांडगा कुत्रा आवळून उभा होता.

"काटा पोचला ना? काही सही राहिली का?"

"नाही."

"मग... फोटो?"

"तुम्हाला बघायला आले," मी बोलून टाकलं. "आणि भांडायला. काटा का दिलात?"

"तुम्हीच मागत होतात!"

"मागायचं थांबवलं होतं ना मी!"

"तिथेच तर घोळ झाला." त्याचे कान लाल झाले होते. "वाटलं, हिचा धीर सुटला, आता यायची बंद होईल. काटा दिला तर निदान खूश होईल... आणि टेम्पो वळल्यावर डोक्यात आलं, आता ती येईल कशाला?"

"ती कोण?"

"ती म्हणजे... तुम्ही. मला तुम्ही आवडता. काटा असो नसो." मग घाईघाईने, "मी हात धरला असता हो तुमचा, पण हा चावेल."

"मी धरते."

मी कुत्र्याला मिठीत घट्ट धरलं. डॉक्टरचे हात मोकळे झाले. त्याने आधी इंजेक्शन दिलं, सुई बाजूला ठेवली, हात धुऊन पुसला... आणि कुत्र्याच्या पाठीवरच्या माझ्या हातावर ठेवला. मला रडू येत होतं की हसू, तेही कळेना.

"झालं असेल तर कुत्र्याला सोडा," खिडकीतून आत्या म्हणाल्या. "त्याचा मालक केव्हाचा बाहेर ताटकळलाय."

आम्ही कुत्र्याला सोडलं.