दसऱ्याला जळालेल्या दोन बस

मंगळवार, ३ ऑक्टोबर २००६. सकाळचे सव्वासात. यवतमाळच्या शहर बस डेपोत दोन बस उभ्या होत्या. दोन्ही जळून कोळसा झालेल्या. शहराकडे एवढ्याच उरल्या होत्या, आणि त्याही डिझेलअभावी महिनाभर जागच्या हलल्या नव्हत्या.

तासाभरात हंसाबाई नरहर सरांच्या दारात उभी होती. तंत्रनिकेतनातून निवृत्त झाल्यावर सर खासगी तपास करीत. भाचा सलील त्यांचा मदतनीस.

“सर, माह्या माणसाले पोलिसांनी नेलं. बाबूसिंग, डेपोचा चौकीदार. त्याच्या बिडीनं आग लागली म्हणतात.”

“काल दुपारी तो कुठे होता?”

ती घुटमळली. “घरी, जी. सणाचं जेवाले आलता. दिवेलागणीले परत गेला तं बस पेटल्या होत्या. हे सांगतलं तं नोकरी जाते, नाही सांगतलं तं जेल.”

डेपोत सर चाकापाशी उकिडवे बसले आणि काडीने राख चाळू लागले. प्रत्येक चाकाच्या लोखंडी कडेला तारेची कडी तेवढी शिल्लक होती. बाकी निव्वळ राख.

“टायर पुरते जळाले, मामा,” सलील म्हणाला.

“पुरते,” सर म्हणाले आणि हात झटकून उठले.

बस चालवण्याचा ठेका घेतलेला घनश्याम फाटकातच भेटला. “चार महिन्यांचं बिल अडकलं, सर. मागच्या आठवड्यात मीच ओरडलो, या डबड्यांले काडी लावा म्हणून. आता सारे माह्याकडेच पाहून राह्यले.”

“मामा, हाच,” सलील कुजबुजला.

“एवढ्या मोठ्याने ओरडून कोणी आग लावतो का रे?”

मेकॅनिक भीमराज बसकडे पाठ करून उभा होता. “टायर कोरे होते, सर. पोटात पोलादी तारेचं जाळं असलेले. अनुदानातून आलते. जुने तिकडं भंगारात टाकले. काल सकाळी मीच बसच्या चाकांले अन् हत्यारांले हळदकुंकू लावलं.”

“नंतर?”

“हत्यारखोलीले कुलूप. दसऱ्याले आम्ही पाना हातात धरत नाही. चावी साहेबाले देतो, दुसऱ्या दिवशी मागतो. आज मागाचं सुचलंच नाही.”

भंगाराच्या कोपऱ्यात टायर नव्हते. मातीत त्यांचे गोल ठसे होते.

परिवहन अधिकारी चारुदत्त यांनी स्वतः खोली उघडली. “चावी एकच. कालपासून माझ्याच खिशात आहे. जोखीम मी दुसऱ्यावर सोपवत नाही. या चौकीदाराने मात्र शहराचे नवे टायर जाळले.”

लाल कापडावर हत्यारे ओळीने मांडलेली होती. प्रत्येकावर कुंकवाचे वाळलेले बोट. चाकांचा लांब पाना मात्र लखलखीत, तेलाचा हात फिरवलेला.

सरांनी फौजदारांना बोलावून घेतले. सगळे खोलीत जमले.

“रबर जळते, पोलादी तार अशा आगीत नाहीशी होत नाही,” सर म्हणाले. “नव्या टायरांचे जाळे राखेत सापडायला हवे होते. सापडली ती केवळ कडेची कडी, म्हणजे जळाले ते पोटात नायलॉनचा दोरा असलेले जुने टायर. सकाळी पूजा नव्यांची झाली. संध्याकाळी जुने जळाले. अदलाबदल दुपारी झाली, आणि ती झाकायला आग लावली.”

“मग बाबूसिंग?” फौजदारांनी विचारले.

“त्याच्याकडे चावी नव्हती. घनश्यामकडे नव्हती. भीमराजने सकाळीच दिली. आणि भीमराजने पाना उचलला असता, तर परत कुंकू लावून ठेवला असता. ज्याने तो उचलला, तो नीटनेटका माणूस आहे. काम झाल्यावर त्याने पाना पुसून, तेल लावून जागेवर ठेवला. पूजेतले हत्यार पुसायचे नसते, हे त्याला ठाऊक नव्हते.”

चारुदत्तांचा हात खिशातल्या चावीवर गेला आणि तिथेच राहिला.

“साहेब,” भीमराज हळूच म्हणाला, “सण तरी जाऊ द्याचा होता.”

दुपारी बाभुळगावला, यंदा सुरूच न झालेल्या एका कापसाच्या जिनिंगच्या गोदामात बारा टायर सापडले. गोदाम चारुदत्तांच्या मेहुण्याचे. टायर उतरवणाऱ्या दोन हमालांनीही कबुली दिली. रबरावरचे हळदकुंकू अजून ओले वाटावे इतके ताजे होते.

बाबूसिंग सुटला. पोलीस ठाण्याबाहेर हंसाबाईने विचारले, “सर, आता याची नोकरी?”

टायर परत आले होते. ते लावायला बस नव्हती. महिनाअखेर डेपोच्या फाटकाला कुलूप लागले.

यवतमाळात धावणाऱ्या शहर बस : शून्य.