आधी वाचा!

"सही कर, प्रेमा!" दत्तप्रसादनं कागद जेवणाच्या टेबलावर असे आपटले की आमटीची वाटी कलंडली. "निदान ही तरी वाचून कर!"

प्रेमानं वाटी सरळ केली नाही. कुवेतमधल्या जाब्रियाच्या दवाखान्यातली ड्यूटी संपवून ती नुकतीच फहाहीलला घरी पोचली होती, अंगावरचा नर्सचा कोटसुद्धा उतरवला नव्हता... तसंच उभं राहून तिनं सगळी पानं चाळली आणि पहिलं वाचलं. ग्राहक मंचात द्यायचं ॲफिडेव्हिट होतं ते, दत्तप्रसादच्या सांगण्यावरून चिपळूणच्या वकिलांनी लिहून पाठवलेलं. 'मी, सौ. प्रेमा दत्तप्रसाद शिर्के, पतीला अंधारात ठेवून बिल्डरच्या ताबापावतीवर सही केली...' आणि हे धादांत खोटं तिनं उद्या वकिलातीत जाऊन शपथेवर खरं म्हणायचं होतं!

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच! आणि संन्याशानं किती वर्षं गप्प बसायचं?

पाच वर्षांपूर्वी, चिपळूणच्या नव्या ब्लॉकमधल्या पहिल्याच पावसाळ्यात छत गळू लागलं, हॉलमध्ये साचलेल्या पाण्यावरून सासरे, अण्णा, घसरले, खुब्याचं हाड मोडलं आणि ते अंथरुणातून उठलेच नाहीत. तेराव्याला जाब विचारताच बिल्डरनं एक कागद पुढे केला. 'घर पाहून घेतले, गळती नाही, तक्रार नाही.' खाली सही! रजा काढून गेलेल्या प्रेमाच्या एका हातात तो कागद होता आणि दुसऱ्या हातात फोन, आणि फोनवर, रजा न मिळाल्यानं कुवेतलाच अडकलेला दत्तप्रसाद हंबरडा फोडत होता, "कोणी केली सही? ज्यानं केली, त्यानं माझ्या अण्णांना मारलं!"

सही त्याचीच होती...

त्या क्षणी तिचं काळीज फाटलं. खरं सांगितलं तर हा माणूस परक्या देशात, एकटा, जिवाचं काही बरंवाईट करून घेईल! घराच्या किल्ल्या आपणच घेतल्या होत्या, तेव्हा त्याला हे पटेलही... "माझ्याकडून झाली," ती म्हणाली. शेजारी उभा असलेला दीर लक्ष्मीकांत काही बोलणार, तोच तिनं त्याला डोळ्यांनीच गप्प केलं.

त्या उपकाराचं फळ काय? फहाहीलच्या मंडळाच्या गणपतीत चारचौघांत हसत "आमच्या हिची एक सही, अन् घराची चाळण!" आणि घरी एकांतात त्याहून जहरी. उचलली जीभ लावली टाळ्याला! तिनं तोंडात मिठाची गुळणी धरली ती धरलीच.

"आई, व्हाय आर यू ऑल्वेज क्वाएट?" चौदा वर्षांची स्वरा खुर्चीतून उठत म्हणाली.

बस्स. त्या प्रश्नानं बांध फुटला!

"मागचं पान उलटा," प्रेमा म्हणाली.

"मागे काय आहे? सही इथे करायची, या ठिपक्यांवर—"

"उलटा म्हणते ना! वीस वर्षं कंपनीचा मंदूब, तो कागदपत्रंवाला, अरबी कागदावर बोट ठेवतो, 'इधर' म्हणतो आणि तुम्ही सही करता. अरबी वाचता येत नाही, कबूल! पण मराठी? मराठी तर येतं ना तुम्हाला?"

मागे ताबापावतीची प्रत जोडलेली होती. मंचानं मूळ कागद मागवल्यावर वकिलांना मिळालेली. दत्तप्रसादनं पाहिलं... आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. फहाहीलच्या हॉटेलातलं ते घरांचं प्रदर्शन, बिल्डरचा गोडबोल्या माणूस, कागदांचा गठ्ठा आणि प्रत्येक पानावर त्या माणसानं ठेवलेलं बोट...

"माझी सही," तो पुटपुटला. "मी... मीच अण्णांना..."

"म्हणूनच नव्हतं सांगितलं! अण्णांच्या मागे तुम्हालाही घालवायचं नव्हतं मला. पण तुमच्या प्रेमापोटी जिवंतपणी जळायचं, तर किती हो जळायचं? नवऱ्यासाठी फोनवर खोटं बोलले. शपथेवर बोलणार नाही!"

स्वरानं तो कागद ओढून घेतला. मंडळाच्या रविवारच्या वर्गात शिकलेलं तिचं मराठी, अक्षराला अक्षर जोडत पुढे सरकणारं. "दिनांक... वीस नोव्हेंबर... नाइंटी सेव्हन. बट बाबा, स्लॅब तर नाइंटी एटला टाकला ना? आजोबांनी फोटो पाठवला होता."

छत घालण्याआधीच 'गळती नाही'! प्रेमानं पाच वर्षांत फक्त सही पाहिली होती, तारीख कधीच नाही. जो कागद ती विस्तवासारखा लपवत आली, तोच बिल्डरला खोटा पाडणार होता. फक्त दत्तप्रसादनं कबूल करायला हवं होतं, की सही माझी, न वाचता केलेली. स्वतःवरच्या संतापानं तिला रडू कोसळलं.

दत्तप्रसादनं वकिलांचं ॲफिडेव्हिट फाडलं आणि कोऱ्या कागदावर स्वतः लिहायला बसला. बराच वेळ लिहीत होता. मग सवयीनं शेवटच्या ओळीखाली पेन टेकवलं.

"आधी वाचा," प्रेमा म्हणाली. "मोठ्यानं. लेकीला ऐकू जाऊ दे."

तो वाचू लागला. "...सही माझी आहे. माझी पत्नी प्रेमा निर्दोष असून, पाच वर्षे मी तिच्यावर..." त्यानं हात जोडले. "प्रेमा, मला माफ—"

तिनं त्याचे जोडलेले हात आपल्या हातांत घट्ट धरले, डोळे वाहत होते, पण आवाज कापला नाही.

"पुढे वाचा."