भोंग्यातले पक्षी

मंगळवार, संध्याकाळचे पावणेआठ. जागा, शहराच्या मधोमध असलेलं ते चिमुकलं निसर्ग उद्यान. एक डबकं, चार बाकडी आणि ढीगभर पाट्या. लाइट येईपर्यंत ऐका, पोरांनो. हे आपल्या पेपरच्या या फोटोग्राफरच्या बाबतीत घडलंय, आणि त्याला माझ्यासारखी तिखटमीठ लावायची सवय नाही.

उद्यानाचं उद्घाटन ठरलं, पण पक्षी येईनात. येतील कशाला? झाडं तोडूनच पायवाटा केलेल्या! मग उद्यानाच्या ऑफिसातल्या साहेबांनी अक्कल पाजळली. उरलेल्या उंच झाडावर भोंगा बांधायचा आणि त्यातून किलबिल सोडायची. वायरमनला वर चढवला. भोंगा लागला, पण उतरताना वायरमन शिडीवरून पडला. जागीच गेला.

ऑफिसने हात झटकले. "तो त्या दिवशी कामावर नव्हताच. पिऊन पडला असेल कुठेतरी," हे त्याच्या बायकोला तोंडावर सांगितलं. थेंबालाही न शिवलेला माणूस!

"आणि भोंगा, काका?"

"'कसला भोंगा? आमचे पक्षी अस्सल आहेत.' साहेबांचं उत्तर. लाज कोळून प्यायलेली जात!"

त्या बाईकडे पुरावा नव्हता. म्हणून भोंग्याचा फोटो काढायला मी याला पाठवला.

हा पोचला तेव्हा अंधार पडला होता. उद्यानात चिटपाखरू नाही. झाडाला शिडी टेकवलेली. वर भोंगा चिवचिवत होता.

एकदम थांबला.

"साहेब, शिडी धरा."

आवाज वरून आला. वर कोणीच नव्हतं...

तेवढ्यात याच्या खिशातला फोन वाजला. मीच करत होतो. मला फोटोची घाई.

"फोन नंतर घ्या, साहेब... या वेळी तरी."

याने शिडी धरली. दोन्ही हातांनी. डोळे मिटून.

वरची पायरी करकरली. मग त्याखालची. मग याच्या तोंडासमोरची...

शिडी हलकी झाली.

फोटो? कसला फोटो!

सकाळी वायरमनची बायको पुन्हा ऑफिसच्या दारात उभी होती. तिच्यादेखत साहेबांनी कुलूप उघडलं. आत, त्यांच्या टेबलावर भोंगा. वायर नीट गोल गुंडाळून तिच्याच टोकाने बांधलेली. गाठ बघून बाई मटकन खाली बसली. तिच्या घरातली प्रत्येक दोरी अशीच बांधलेली आहे.

साहेब रजेवर गेलेत.

कुलूप फोडलेलं नव्हतं. किल्ली एकच, आणि ती रात्रभर साहेबांच्याच खिशात होती.