चुना फासलेला वरवंटा

सौंसरच्या एका शाळेच्या सभागृहात दुपारी तीनला नाटक होतं आणि मला त्यावर दोन कॉलम लिहायचे होते, एवढंच. पांढुर्ण्याची ऋतुजा आणि तिचा केनियाचा नवरा जोसेफ, दोघंच नट. नाटकही त्यांचंच: लेकरू झाल्यावरचे पहिले बारा दिवस, जागरणं, दुपटी आणि माहेरचं बंद दार. त्यांची खरी तीन महिन्यांची मुलगी विंगेत मैत्रिणीच्या मांडीवर झोपली होती.

ऋतुजाची आई सरलाबाई पहिल्या रांगेत होती. नातीला तिने अजून हात लावला नव्हता. आज लावेल, या एका आशेवर ऋतुजाने तिला बोलावलं होतं.

बारशाला आपल्याकडे बाळाआधी वरवंट्याला टोपडं घालून पाळण्यात निजवतात. त्या प्रवेशासाठी ऋतुजाने घरचा वरवंटा मागवला. सरलाबाईने तो चुना फासून पाठवला. पांढराफेक.

"एक काळं आलं घरात, आता दुसरं काऊन धाडू?" तिने शेजारणीला सांगितलं. दोन रांगा हसल्या. शिकलेली माणसं, मास्तर, बाबू.

पाळणा हलला. रडण्याचा आवाज टेपवर होता. टेप संपली... रडणं संपलं नाही, ते पाळण्यातूनच येत होतं. खिडक्यांना काळे पडदे, पंखे बंद, आणि त्या कोंदट अंधारात आंबलेल्या दुधाचा वास. जोसेफने पाळण्यात वाकून पाहिलं आणि मागे सरला.

सरलाबाई उठून रंगमंचावर चढली. वरवंटा तिने छातीशी धरला. ऋतुजा विंगेतून मुलीला घेऊन आली.

"आई... लेकरू हे आहे."

"हेच मायं लेकरू," सरलाबाई हळूच म्हणाली. "गोरं. भुकेजून राहिलं बिचारं..."

साठीतल्या त्या बाईचा पदर दुधाने ओला झाला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना नाटकच वाटलं. ऋतुजा मुलगी पुढे धरून उभी राहिली. आजीने मान वळवली नाही.

मी बातमी दिली नाही. आठवड्याने सरलाबाईच्या यजमानांचा, श्रीधरजींचा फोन आला. बायको खोलीतून निघत नाही, वरवंटा सोडत नाही म्हणाले. मी म्हणालो, डॉक्टरला दाखवा, आणि त्याआधी पोरीची माफी मागा.

"डॉक्टरीण येऊन गेली, भाऊ... छातीवर चावे आहेत. चार दातांचे." मग आवाज आणखी खाली आला. "काल दोनच दातांचे होते."